दुसरी चिठ्ठी

मैदानावरच्या खोलीच्या छपराला गळती आहे हे सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळ्यांना माहीत असलेल्या गोष्टीकडे जसं कुणीच बघत नाही, तसं त्या गळतीकडेही कुणी बघितलं नव्हतं. पहिला थेंब तिच्या चष्म्याच्या घरावर पडला. दुसरा टेबलाच्या कडेला. ती टेबल ओढायला उठेपर्यंत पुढचे सगळे लॅपटॉपच्या कळांवर पडले, जणू त्यांना कुणी पत्ता देऊन पाठवलं होतं. पडद्यावर एक निळी रेघ उभी राहिली, थरथरली आणि विझली. तिने लॅपटॉप उलटा धरला, रुमालाने टिपला, एक कळ बराच वेळ दाबून धरली आणि शेवटी म्हणाली, "गेला." दारात बुटांचा चिखल काढत असलेले थोरले पंच दचकले. "कोण गेलं?" "लॅपटॉप." "हात्तिच्या! मी म्हटलं…" असं म्हणून त्यांनी सुटकेचा श्वास सोडला, आणि मग तो अर्ध्यावरच परत आत ओढला. लॅपटॉप गेला म्हणजे दुसरी चिठ्ठी गेली, हे त्यांच्याही लक्षात आलं होतं.

या मैदानाचा एक नियम होता. पावसाने खेळ कापला की दुसऱ्या संघाला किती धावा करायच्या हे नव्याने ठरवावं लागतं, आणि ते एकाने ठरवायचं नाही. दोघांनी वेगवेगळं बसून हिशेब करायचा, दोन चिठ्ठ्यांवर आकडा लिहायचा, चिठ्ठ्या पालथ्या टेबलावर ठेवायच्या आणि पंचांनी त्या एकदम उलटायच्या. आकडे जुळले तर खेळ सुरू. नाही जुळले तर पुन्हा हिशेब. दुसरी चिठ्ठीच नसेल तर सामना रद्द. हा नियम तिच्या नवऱ्याने केला होता. तो तेव्हा पाणीपुरवठा खात्यात मोजमापाच्या कामावर होता आणि रविवारी इथे येऊन हे करायचा. पोरं त्याला तक्तेवाले काका म्हणायची. एकट्याने का नाही करायचं, असं तेव्हाच्या सेक्रेटरींनी विचारलं तर तो म्हणाला होता, "एकटा माणूस स्वतःची चूक तपासायला बसला की तिच्यावरून मायेने हात फिरवतो. चूक पकडायला दुसऱ्याचं पोर लागतं." सेक्रेटरी हसले. ती मात्र हसली नव्हती, कारण दुसऱ्याचं पोर म्हणून तिलाच बसवायचा त्याचा बेत घरी आधीच ठरला होता. त्याने तिला हिशेबाचा तक्ता शिकवला, आणि तिच्यासाठी एक प्रत घरात ठेवली. मुलगी लहान होती तेव्हा तो मैदानावरून फोन करायचा. ना हॅलो ना काही, सरळ किती ओव्हर, किती रन, किती बाद, आणि फोन पंचांच्या हातात. ती ओट्याशी उभी राहून हिशेब करायची आणि आकडा फक्त पंचांना सांगायची. पुढे मुलगी मोठी झाली आणि ती स्वतःच येऊन त्याच्या शेजारी बसायला लागली, मध्ये एक पुठ्ठा उभा करून, परीक्षेला बसवल्यासारखी. त्यांच्या चिठ्ठ्या जुळल्या नाहीत असं फार वेळा झालं नाही. बाकी संसारात रोज व्हायचं.

आता पुठ्ठ्याच्या पलीकडे लॅपटॉप असायचा आणि दुसरा आकडा तोच काढायचा. मागच्या वर्षी एका सकाळी नवरा दाढी करता करता थांबला. अर्ध्या गालाला साबण, वस्तरा बेसिनमध्ये. "काय झालं?" असं तिने विचारलं तर त्याने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू प्रश्न तिने परक्याच कुठल्या भाषेत विचारलाय. उजवा हात गेला, उजवा पाय निम्मा परत आला आणि शब्द गेले. तिचं नाव गेलं, पाणी गेलं, हो आणि नाही एकमेकांच्या जागी जाऊन बसले. आकडे लिहायला दिले तर पेन्सिल गोल गोल फिरायची. मैदानवाल्यांनी महिन्याभराने संकोचत विचारलं, काकू, तुम्ही याल का? ती आली, कारण घरात दिवसभर दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत बसायचं नाकी नऊ आणणारं काम तिला रविवारी दुपारपुरतं तरी चुकवायचं होतं. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. रविवारी नणंद त्याच्यापाशी बसायची.

"पाचला सुरू झालं तर अंधाराआधी बावीस ओव्हर बसतात," पंच म्हणाले. आठवडाभर ते खिळे-स्क्रू विकायचे आणि प्रत्येक गोष्ट बसते की नाही याच भाषेत बोलायचे. "पाऊस थांबलाच आहे. मैदान पुसायला घेतलंय. तुमची चिठ्ठी तर लिहा, दुसरीचं बघू." तिने कागद ओढला. हिशेब साधा होता. निदान त्याला साधा वाटायचा. सामना तीस-तीस ओव्हरचा. पाहुण्यांनी बावीस ओव्हर खेळून दोन गडी गमावून एकशे अठरा केल्या, आणि पाऊस आला, आणि त्यांचा डाव तिथेच संपवावा लागला. आता घरच्या संघालाही बावीसच ओव्हर. डावात खर्चायला दोनच गोष्टी असतात, ओव्हर आणि गडी. कुठल्या क्षणी किती ओव्हर आणि किती गडी शिल्लक असले म्हणजे डावाचा किती हिस्सा शिल्लक, हे तक्ता सांगतो. ती तक्त्यावर बोट ठेवत होती तेवढ्यात घरच्या संघाचा कप्तान आत आला. आठवडाभर चष्म्याच्या दुकानात लोकांना अक्षरं वाचायला लावणारा, बोलायला गोड माणूस. आज मात्र तोंडावर पाऊसच पाऊस. सामना रद्द झाला तर गुणांवर पाहुणे पुढे जाणार होते आणि याच्या संघाचं वर्ष संपणार होतं. "काकू, यात हिशेब कसला? बावीसला बावीस. त्यांच्या एकशे अठरा, आम्हाला एकशे एकोणीस. बालवाडीतलं पोर सांगेल."

"बालवाडीतलंच पोर सांगेल," ती म्हणाली. "टार्गेट वाढणार आहे."

"वाढणार? पाऊस पडला आणि वाढणार? आधीच उल्हास…"

"बसा." तिने वर न बघता सांगितलं, आणि बोलता बोलता तिच्या लक्षात आलं की ती त्याच्याच चालीत बोलतेय, त्याच थांब्यांवर थांबून. "ते खेळायला उतरले तेव्हा त्यांना वाटत होतं तीस ओव्हर आहेत. म्हणून जपून खेळले. आठ गडी हातात राखून ठेवले, शेवटी मारू म्हणून. शेवट आलाच नाही. बावीसच मिळणार हे आधी कुणी सांगितलं असतं तर ते असे खेळले असते का? तुम्हाला मात्र पहिल्या चेंडूपासून माहीत आहे. माहीत असणं फुकट नसतं. त्यांनी जे राखून ठेवलं आणि जे वापरायला वेळ मिळाला नाही, ते त्यांच्या खात्यात धरावं लागतं." कप्तानाने टाळू खाजवली. "पण ते त्यांनी केलेलं नाही ना. करणार होते." "करणार होते त्याचंच तर हे सगळं आहे," ती म्हणाली, आणि तिचा आवाज जरा चुकीच्या जागी कापला. कप्तानाने ते पाहिलं असावं. "बरं, लिहा तुम्ही," म्हणून तो दारात जाऊन उभा राहिला. तिने गुणाकार केला, बेरीज केली, खाली रेघ ओढली, आकडा चिठ्ठीवर लिहिला, चिठ्ठी पालथी केली आणि वर पंचांचा जुना चेंडू ठेवला. मग हात मांडीवर घेऊन बसली. तिला त्या तक्त्याचं तत्त्वज्ञान केलेलं आवडत नसे. त्यालाही आवडायचं नाही. पण गेलं वर्षभर लोक तिच्याशी तेच करत होते. परगावी असलेली मुलगी फोनवर म्हणायची, आई, आता अपेक्षा थोड्या ॲडजस्ट कर. बोलायला शिकवणाऱ्या बाई यायच्या, फार गोड, फार खऱ्या, आणि दर महिन्याला म्हणायच्या, आपण टार्गेट थोडं खाली आणूया. आधी वाक्य होतं. मग शब्द. मग योग्य वेळी मान हलवणं. टार्गेट खाली आणत आणत शून्यावर नेलं की कुणीही जिंकतं, त्यात काय. पाऊस पडला की टार्गेट वाढतं सुद्धा, हे तिला त्या बाईंना एकदा तक्ता उघडून दाखवायचं होतं. रिटायर झालो की समुद्राकाठी महिनाभर राहू, असं दोघं वीस वर्षं म्हणत होती. पुस्तकांचं कपाट मग लावू. मुलीच्या लग्नात ती त्याला काय टाकून बोलली होती, त्याबद्दल मग कधीतरी बोलू. सगळं हातचं राखून, पाच-सहा गडी बाद होऊ न देता, व्यवस्थित. ते कुणाच्या खात्यात धरायचं?

सोमवारी त्या बाई शेवटचं सांगणार होत्या. वर्ष झालं, आता जे आहे ते आहे, असं त्या म्हणणार हे त्यांच्या चेहऱ्यावर आठ दिवस आधीच आलं होतं. येणं थांबवायचं का, एवढाच प्रश्न राहिला होता. तिचा प्रश्न दुसराच होता आणि तो तिने एकदाच, जिन्यात, हळू आवाजात विचारला होता. "मला एवढंच सांगा, ते आत आहेत का?" बाई कठड्याला धरून थांबल्या होत्या. "मला माहीत नाही," असं त्या म्हणाल्या, आणि त्याबद्दल तरी ती त्यांची आयुष्यभर ऋणी राहणार होती. रोज संध्याकाळी एक व्यायाम असायचा. एक ते दहा मोजा, आणि दहाला थांबा. मोजायला तो मोजायचा, तेही स्वच्छ, जुन्या आवाजात. पाणी म्हणता न येणारा माणूस एक दोन तीन असा घडाघडा निघायचा की पहिल्या दिवशी ती आनंदाने रडली होती. बाईंनी तिला बाजूला घेऊन समजावलं. मोजणं, वारांची नावं, पाठ असलेलं सगळं, हे जिभेचं असतं. जीभ धावते. त्यात अर्थ शोधू नका. अर्थ असता तर दहाला थांबले असते. आणि तो थांबायचा नाही. दहा ओलांडायचा, वीस ओलांडायचा, कुणीतरी हात धरेपर्यंत किंवा दम संपेपर्यंत, उताराला लागलेल्या सायकलसारखा. तिला त्या आकड्यांची भीती वाटायला लागली होती. तो मोजायला लागला की ती पाण्याचा नळ सोडायची.

"काकू," पंच म्हणाले, "दुसरं कोण आहे तक्ता येणारं? गावात कुणी?" ती नाही म्हणाली. तिने फोन हातात घेतला होता हे तिला पंचांनी "कुणाला लावताय?" असं विचारल्यावर कळलं. बोट घरचा नंबर दाबून मोकळं झालं होतं. पाऊस, टेबल, पालथी चिठ्ठी आणि मग फोन, हा नवऱ्याचा क्रम तिच्याही बोटाला पाठ होता, जिभेसारखाच. आता ठेवून द्यावा असं वाटलं, पण तेवढ्यात पलीकडून नणंदेचा आवाज आलाच. "वहिनी, जेवलाय तो. झोपला नाही. खिडकीत बसून पाऊस बघतोय."

"वन्सं, फोन त्यांच्या कानाला लावा."

"अगं, तो काय बोलणार?"

"लावा तर."

फोनमधून त्याचा श्वास आला. नाकातून येणारा, किंचित शीळ घालणारा. हा श्वास उशीवर ऐकायची तिला सवय होती. भर दुपारी, लोकांसमोर ऐकताना तिला उघडं पडल्यासारखं झालं. पूर्वी मैदानावरून फोन करून तो जसं सरळ सुरू करायचा, तसंच तिने केलं. ना अहो, ना कसे आहात. "तीसची मॅच. बावीस झाल्या. एकशे अठराला दोन. डाव संपवला. समोरच्यांना बावीस." आणि थांबली. पंच चेंडूकडे बघत होते, कप्तान बुटाच्या टोकाकडे. भल्या माणसांना अशा वेळी बघायला काहीतरी लागतं. श्वास दूर गेला. काहीतरी घासल्याचा आवाज आला, आणि नणंद म्हणाली, "वहिनी, हा डावा हात हलवतोय. कपाटाकडे. काय पाहिजे याला?"

"वरचा खण उघडा."

"इथे औषधं आहेत."

"औषधांच्या खाली बघा. प्लॅस्टिकमध्ये घातलेला कागद."

"हे कोष्टक? अगं बाई, मला वाटलं गोळ्यांचं वेळापत्रक. दिलं. मांडीवर घेतलंय. बोट फिरवतोय. उलटं आहे वाटतं… नाही, त्याने फिरवून घेतलं."

त्याने फिरवून घेतलं. तिने हे वाक्य मनात पुन्हा एकदा म्हणून पाहिलं आणि लगेच बाजूला ठेवलं, फार आशा चांगली नाही म्हणून. पंच खाकरले. "नियमात बसतं का हे? फोनवर?" "वर्षानुवर्षं बसत होतं," ती म्हणाली. "दुसरा माणूस पाहिजे, एवढंच लिहिलंय." "तसं नव्हे हो. ते बोलत नाहीत ना आता?" तिने फोनचा स्पीकर लावला आणि फोन टेबलावर पालथ्या चिठ्ठीशेजारी ठेवला. पंचांनी कोरी चिठ्ठी आपल्यापुढे घेतली, पेनाचं टोपण काढलं, आणि त्यांच्या त्या टोपण काढण्याबद्दल तिला त्यांना नमस्कार करावासा वाटला. थोडा वेळ फोनमधून नुसतं घर ऐकू येत राहिलं. घड्याळ. खालच्या रस्त्यावरून ओल्यातून जाणारी गाडी. मग तो म्हणाला, "एक."

"झालं सुरू," नणंद म्हणाली. "वहिनी, मोजायला लागला हा. रोजचंच." दोन, तीन, चार. कप्तानाने वर पाहिलं. ती डोळे मिटून बसली. नळ नव्हता इथे सोडायला. सात, आठ, नऊ, दहा, आणि दहावर तो थांबला नाही, अकरा, बारा, सरळ पुढे. दहाला थांबायचं असतं. पण दहाला का थांबायचं, असं आज पहिल्यांदाच तिच्या मनात आलं. दहाला थांबण्यात याचं काय अडलं होतं? एकवीस, बावीस. आवाज त्याचाच होता, पावतीवरचा आकडा वाचणारा, कोरडा, थोडा नाकातला. या आवाजात तो तिला शिकवायला बसायचा तेव्हा ती सारखी एकाच ठिकाणी चुकायची. बेरजेत शेवटी पूर्णांकानंतर काहीतरी उरायचंच, आणि ती चांगल्या शाळेत शिकलेली, अर्ध्याच्या वर असेल तर पुढचा आकडा धरायची. तो पेन्सिल तिच्या हातातून काढून घ्यायचा. "अगं, अपूर्ण धाव कुणी पळतं का? चुरा झाडायचा. मग एक ठेवायचा. जिंकायला एक जास्त." आणि चुरा झाडायचा म्हणताना डाव्या हाताच्या एका बोटाने टेबलावरचे पावाचे कण झटकायचा, कण असोत नसोत. छत्तीस, सदतीस. मैदानावर माणसं पोत्यांनी पाणी ओढत होती, त्यांची हसाहस आत येत होती. याला काहीच कळत नसेल आणि तरीही याचा आवाज असा असेल, तर मग आवाज म्हणजे काय? एकोणपन्नास, पन्नास. मुलीच्या लग्नात ती पाहुण्यांसमोर म्हणाली होती, यांना माणसं मोजता येतात, ओळखता येत नाहीत. चुकीचंही नव्हतं ते आणि बरोबरही नव्हतं. पाहुणे गेल्यावर तो एकटाच खुर्च्या घडी करत होता, आणि तिने मदतीला जायचं होतं ते ती गेली नाही. चौसष्ट, पासष्ट. तो दमायला लागला होता. आकड्यांमध्ये आता श्वासाची शीळ येत होती. एकोणऐंशी, आणि मग काहीच नाही.

तिने डोळे उघडले. पंचांचं पेन कागदावर टेकलं होतं. "थांबा," ती म्हणाली, कुणाला ते तिलाही कळलं नाही. फोनमध्ये आवंढा गिळल्याचा आवाज आला. "ऐंशी." पंचांनी पेन उचललं. कप्तान कधी तरी आत येऊन बाकावर बसला होता आणि ओठांनी त्याच्याबरोबर मोजत होता. अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव, शंभर. "वहिनी, शंभर झाले गं. घामाघूम झालाय. हात धरू का याचा?"

"हात लावू नका!" ती इतक्या जोरात ओरडली, की बाहेर पोतं ओढणारा माणूस थबकला. "वन्सं, तुम्हाला माझी शपथ आहे."

एकशे एक. एकशे दोन. आता प्रत्येक आकडा लांब झाला होता, दोन पायऱ्यांचा. एकशे पंधरा, एकशे सोळा, एकशे सतरा, एकशे अठरा. इथे तो जरा टेकला. जिना चढणारा माणूस मधल्या मजल्यावर पिशवी खाली ठेवतो, तितकाच वेळ. तिथे कशाला टेकलास रे, असं तिच्या मनात आलं, लग्नाला इतकी वर्षं होऊन पहिल्यांदाच एकेरीत. एकशे एकोणीस. एकशे वीस. आता तिला पुढचा प्रत्येक आकडा दिसत होता, आणि कुठला आल्यावर तो थांबायला हवा तेही. पालथ्या चिठ्ठीखाली तो आकडा पडला होता. तिने तो कुणाला सांगितला नव्हता, नणंदेला नाही, पंचांना नाही. आकडा होता एकशे बेचाळीस. फोनमधलं मोजणं चालूच होतं. एकशे अडतीस, एकशे एकोणचाळीस, एकशे चाळीस, एकशे एक्केचाळीस.

आणि तो थांबला.

ती वाट बघत राहिली. मघाशी असाच थांबला होता. आवंढा गिळेल आणि म्हणेल. आणखी एक, एकच, बाळा म्हण, असं ती मनात म्हणत राहिली, मुलीला पहिलं पाऊल टाकायला लावताना म्हटलं होतं तसं. घड्याळ ऐकू येत होतं. "थांबला," नणंद म्हणाली. "वहिनी, आपणहून थांबला." पंचांनी आकडा लिहिला. मग रीतीप्रमाणे चेंडू बाजूला केला, तिची चिठ्ठी उलटली, दोन्ही शेजारी ठेवल्या, आणि बराच वेळ बघत राहिले. "एकाचा फरक आहे," ते शेवटी म्हणाले, एखाद्याच्या घरी वाईट बातमी सांगावी तसे. "फार जवळ आले होते हो." कप्तानाने हळूच "च्च" केलं. तिने मान हलवली. दम संपला होता, बस. एकशे बेचाळीसला संपायचा तो एकशे एक्केचाळीसला संपला. सोमवारी बाई येतील, खरं तेच सांगतील, आणि आपण चहा करू. रडू येत नव्हतं. नुसतं हाताला काय करावं कळत नव्हतं, म्हणून तिने हिशेबाचा कागद घडी करायला घेतला.

"दमलास का रे दादा? पाणी देऊ?" फोनमध्ये नणंदेचं चाललं होतं. "नको म्हणतोय. वहिनी, हा रागावल्यासारखा दिसतोय गं. फोनकडे बघून बोट झटकतोय. काही पडलं का अंगावर? नाही, मांडीवर तर काही नाही. त्या कोष्टकावर. असं, असं… चुरा झटकावा तसं."

तिची घडी अर्धीच राहिली. तिने कागद पुन्हा उघडला. एकशे अठरा, आणि त्यात मिळवायचे बावीस पूर्णांक सात. म्हणजे एकशे चाळीस पूर्णांक सात. त्याच्या खाली तिच्याच अक्षरात, घाईत, कप्तानाला करणार होते त्याचंच तर सगळं आहे असं सांगून आवाज कापला होता त्याच क्षणी लिहिलेलं, एकशे एक्केचाळीस. आणि त्यात अधिक एक. सात म्हणजे अर्ध्याच्या वर. चांगल्या शाळेत शिकलेली बाई. चुरा झाडायच्या ऐवजी तिने तो उचलून धावेत धरला होता, आणि वर आणखी एक ठेवला होता. इतक्या वर्षांनी, त्याच ठिकाणी. तिला हसू आलं. ते आधी नाकातून आलं, मग खांद्यातून, आणि मग ती त्या गळक्या खोलीत टेबलावर दोन्ही हात ठेवून इतकी हसली की पंचांनी घाबरून पाण्याचा ग्लास शोधायला सुरुवात केली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी ते हसूच होतं. वर्षभर छातीवर ठेवलेलं काहीतरी कुणीतरी उचलून बाजूला ठेवलं होतं, आणि खाली छाती जशीच्या तशी होती. "चूक माझी आहे," ती म्हणाली. "लिहून घ्या. माझी. त्यांची नाही." तिने नव्या चिठ्ठीवर आकडा लिहिला आणि पालथी न घालताच पंचांच्या हातात दिली. पंचांनी दोन्ही चिठ्ठ्या पाहिल्या, एकदा फोनकडे पाहिलं, डोक्यावरची टोपी काढली, आणि ती कशाला काढली हे न कळून पुन्हा घातली. "एकशे एक्केचाळीस," ते कप्तानाला म्हणाले. "बावीस ओव्हर. बसतंय." कप्तान उठला. तो खूप काही बोलणार आहे असं वाटलं, पण तो एवढंच म्हणाला, "काकांना सांगा, मंजूर आहे," आणि पॅड बांधत ओल्या मैदानाकडे पळाला.

खोलीत ती आणि फोन उरले. गळती थांबली होती. सोमवारी बाई आल्या की त्यांना आधी बसवायचं, मग सांगायचं, असं तिने ठरवलं. नाहीतर त्या जिन्यातच रडतील. समुद्राकाठी जाता येईल की नाही हे तिला माहीत नव्हतं. किती ओव्हर उरल्यात ते कुणालाच माहीत नव्हतं. पण खेळायला समोर कुणी आहे, एवढं कळलं होतं, आणि त्याहून जास्त तिला आत्ता काही नको होतं. तिने स्पीकर बंद केला आणि फोन कानाला लावला. श्वास तिथेच होता, अजून थोडा धापा टाकत.

"अहो," ती म्हणाली, "माझी एक जास्त झाली."

पलीकडून नाकातून एक आवाज आला. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. पुठ्ठ्याच्या पलीकडून यायचा, तिची चिठ्ठी चुकली की. तिला आणखी खूप काही विचारायचं होतं, वर्षभराचं, आणि त्या लग्नातल्या खुर्च्यांचं. पण तो दमला होता, आणि मैदानावर खेळाडू उतरले होते. म्हणून एकटी कुठे बाहेर पडली की ती त्याला जे नेहमी विचारायची, आणि गेलं वर्षभर विचारलं नव्हतं, तेवढंच तिने विचारलं. "मी किती वाजता येऊ घरी?"

काही वेळ नुसतं घड्याळ ऐकू आलं. तो हिशेब करत होता. बावीस ओव्हर, मग आवरासावर, मग रस्ता.

"एक," तो म्हणाला. "दोन. तीन. चार. पाच. सहा. सात."

ती थांबली. तोही थांबला होता.

"बरं," ती म्हणाली. "सातला येते."